मोटारीचें पाणी : तें घरच्या घरीं कसें बदलावें ?

वर्ध्याचा उन्हाळा हा परक्या माणसास सांगून समजावयाचा नाहीं; तो येथें एक वैशाख काढूनच समजतो. पारा ४५ अंशांच्या पलीकडे जाणें ही येथें वार्ता नव्हे. आणि नवतप्याच्या नऊ दिवसांत तर दुपारच्या रस्त्यावर कावळाही दिसत नाहीं. माणसें खिशांत कांदा ठेवितात, कैरीचें पन्हें पितात, कूलरला नवें वाळ्याचें गवत भरतात. घरांतील प्रत्येकाच्या थंडाव्याची अशी तजवीज झालेली असते. राहून जातें तें अंगणांत किंवा पोर्चखालीं उभें असलेलें एकच घरचें माणूस, म्हणजे आपली मोटार. तिच्या पोटांतील पाण्याची चौकशी बहुधा कोणी करीत नाहीं. बॉनेटखालून वाफ निघूं लागली म्हणजेच ती होते, आणि तोंवर उशीर झालेला असतो.

ही चौकशी आजच करण्यास कारण आहे. एके काळीं आपल्या जिल्ह्यांत मोटार ही वकील, सावकार व सरकारी अधिकारी यांच्याच दारीं दिसे. आज ती शिक्षक, प्राध्यापक व बँकेंतील नोकर यांच्या घरींही आहे. पूर्वी ती गांवांतल्या गांवांत फिरे, फार तर हिंगणघाट, आर्वी किंवा नागपूर करून येई. ११ डिसेंबर २०२२ रोजीं समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला, आणि जून २०२५ मध्यें मुंबईच्या बाजूचा शेवटचा तुकडा जोडला जाऊन ७०१ किलोमीटरांचा सगळा रस्ता खुला झाला. हा रस्ता आपल्याच जिल्ह्यांतून गेला आहे. येळाकेळीस त्यावर चढलें कीं ताशीं १२० किलोमीटरांच्या मर्यादेंत तासन् तास गाडी न थांबतां हांकतां येते. खालीं तापलेलें सिमेंट, वर वैशाखाचें ऊन, आंत वातानुकूलन यंत्राचा भार, आणि या सर्वांच्या मध्यें अखंड जळणारें इंजिन! गांवांतल्या चार किलोमीटरांच्या फेरींत जी उणीव झांकून जाते, ती अशा प्रवासांत दोन तासांत उघडी पडते.

मोटारींतील हें पाणी, किंवा बाजारांतील शब्द वापरावयाचा तर हें ‘कूलंट’, काढून नवें घालणें हें काम पुष्कळशा साध्या मोटारींत घरीं करतां येण्याजोगें आहे. त्यास लागते ती थोडी माहिती, एक सकाळ, आणि पुष्कळसा सबूर. तरीही सुशिक्षित घरांत या कामाकडे पाहण्याची दृष्टि अशी असते कीं, तें मिस्त्रीचें काम. आपण किल्ली द्यावी आणि पैसे द्यावे. ज्या वर्ध्यास २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं शिक्षणपरिषद भरून हस्तोद्योगांतून शिक्षण देण्याची योजना देशापुढें ठेवली गेली, त्या वर्ध्यास तरी हात काळे होण्याची लाज असूं नये. मिस्त्रीच्या पोटावर पाय आणावा असा आमचा हेतु मुळींच नाहीं. ज्यास काम कळतें तोच मिस्त्रीस नेमका प्रश्न विचारूं शकतो, एवढेंच आमचें म्हणणें.

हें पाणी करतें तरी काय ?

इंजिनांत पेट्रोल किंवा डिझेल जळून जी शक्ति उत्पन्न होते, तिचा स्थूलमानानें एक तृतीयांश भाग, आणि पुष्कळदां त्याहूनही कमी, चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. जवळजवळ तितकाच भाग धुरावाटे उष्णतेच्या रूपानें निघून जातो, आणि उरलेल्याचा मोठा हिस्सा इंजिनाच्या धातूंत शिरतो. ही उष्णता बाहेर नेली नाहीं, तर कांहीं मिनिटांतच धातु फुगून यंत्र अडकून बसेल. म्हणून इंजिनाच्या भिंतींतून पोकळ वाटा ठेवलेल्या असतात. त्यांतून एक पंप पाणी फिरवितो. तापलेलें पाणी वरच्या रबरी नळीनें पुढच्या रेडिएटरमध्यें येतें, तेथें बारीक नळ्यांतून जातांना वाऱ्यास आपली उष्णता देतें, आणि निवून खालच्या नळीनें पुन्हां इंजिनांत जातें. गाडी उभी असतां वारा मिळत नाहीं, तेव्हां पंखा तो पुरवितो.

या वाटेवर ‘थर्मोस्टॅट’ नांवाचा एक द्वारपाल बसविलेला असतो. इंजिन थंड असतां तो दार बंद ठेवितो, आणि पाणी सुमारें ८२ ते ९० अंशांवर आलें कीं तें उघडतो. पुढें आपण जी कृति सांगणार आहों, तींत या द्वारपालास फार महत्त्व आहे. दार बंद असतां आपण रेडिएटर कितीही धुतला, तरी इंजिनाच्या आंतलें पाणी जागचें हलत नाहीं.

दुसरी ध्यानांत ठेवण्याची वस्तु म्हणजे रेडिएटरचें टोपण. प्रत्येक गृहिणीस कुकराचें मर्म ठाऊक असतें : झांकणानें वाफ कोंडली कीं आंतील पाणी १०० अंशांवर न उकळतां सुमारें १२० अंशांवर उकळतें, आणि डाळ लवकर शिजते. मोटारीचें टोपण हीच युक्ति उलट्या हेतूनें करतें. तेथें कांहीं शिजवावयाचें नसून पाणी उकळूं द्यावयाचें नसतें. म्हणून बहुतेक गाड्यांत टोपणाखालीं कुकराइतकाच दाब राखलेला असतो. यावरून हेंही उघड होईल कीं, गरम गाडीचें टोपण काढणें म्हणजे शिटी न काढतां कुकर उघडणें होय. दाब गेला कीं आंतील पाणी त्याच क्षणीं उकळून कारंज्यासारखें तोंडावर येतें. चेहरा व हात भाजण्याचे असे अपघात दर उन्हाळ्यांत रस्त्याच्या कडेला होतात, आणि ते घाईपोटीं होतात.

नुसतें विहिरीचें पाणी कां नको ?

पुष्कळ वडीलधारी मंडळी म्हणतील, “आमच्या फियाटींत जन्मभर हौदाचें पाणी घातलें, काय झालें ?” त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. कसारा किंवा खंडाळ्याचा घाट चढतांना जुन्या फियाट व अँबॅसेडर गाड्या धापा टाकीत उभ्या राहत, आणि चालक डबा घेऊन पाण्याच्या शोधांत निघत, हें दृश्य ज्यांनीं पाहिलें आहे ते आज आजोबा झाले आहेत. परंतु तीं इंजिनें जाड ओतीव लोखंडाचीं होतीं, रेडिएटर तांब्यापितळेचे होते, आणि त्यांच्या नळ्या ऐसपैस होत्या. आजच्या गाडीचा रेडिएटर ॲल्युमिनियमचा असतो व त्याच्या नळ्या फार अरुंद असतात. इंजिनाचा माथाही त्याच धातूचा असतो. लोखंड व ॲल्युमिनियम एकाच पाण्यांत भिजत राहिले म्हणजे दोहोंची झीज होते, आणि ती मुख्यतः ॲल्युमिनियमच्या वांट्यास येते.

दुसरें कारण आपल्या जमिनींत आहे. वर्धा जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या कातळाचा आहे, आणि विहिरींचें व बोअरिंगचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें. जड पाण्याचा परिणाम पाहण्यास दूर जावयास नको. न्हाणीघरांतील बंबाच्या किंवा गीझरच्या आंतील पांढरा थर पाहावा. पाणी तापलें कीं त्यांत विरघळलेला चुना बाहेर पडून भांड्यास चिकटतो. हाच थर रेडिएटरच्या नळ्यांत व इंजिनाच्या वाटांत बसतो. आणि तो उष्णतेस इतका अडथळा करतो कीं, पाणी वाहत असूनही धातु तापतच जातो. पाणी उकळून किंवा गाळून घेतलें म्हणजे हा दोष पुरता जातो असें नाहीं. त्यास ऊर्ध्वपातित पाणीच पाहिजे. दुकानांत ‘बॅटरीचें पाणी’ म्हणून जें मिळतें तेंच तें. मात्र विकत घेतांना तें डिस्टिल्ड वॉटर आहे, बॅटरीचें आम्ल नव्हे, हें लेबलावर नीट वाचून घ्यावें.

या पाण्यांत जें मिसळावयाचें तें मुख्यतः एथिलीन ग्लायकॉल. फ्रेंच रसायनज्ञ वुर्त्झ यांनीं तें १८५६ सालीं प्रथम तयार केलें, आणि १९२० नंतरच्या दशकांत तें थंड देशांतील मोटारींत येऊं लागलें. तिकडे त्याचा हेतु पाणी गोठूं न देणें हा होता. कारण पाणी गोठतांना फुगतें व इंजिनाच्या भिंती फोडतें. आपल्या येथें गोठण्याचें भय नाहीं. तरी त्याचे दुसरे दोन गुण आपणांस मोलाचे आहेत. एक असा कीं, निम्में पाणी व निम्में ग्लायकॉल यांचें मिश्रण उघड्या भांड्यांत सुमारें १०७ अंशांवर, आणि टोपणाच्या दाबाखालीं १२९ अंशांच्या आसपास उकळतें. दुसरा असा कीं, त्याबरोबर गंज न धरूं देणारीं द्रव्यें मिसळलेलीं असतात.

हीं द्रव्यें कालांतरानें खर्चून जातात, आणि कूलंट बदलावें लागतें तें मुख्यतः त्यामुळें. ग्लायकॉल तसेंच राहतें, रंगही टिकून राहतो. पण रक्षण करणारें द्रव्य संपलेलें असतें. म्हणून ‘अजून हिरवेंगार दिसतें आहे’ हा युक्तिवाद फसवा आहे. जुन्या पद्धतीचें कूलंट साधारण दोन वर्षांनीं, आणि सेंद्रिय आम्लांचें नव्या पद्धतीचें सुमारें पांच वर्षांनीं बदलतात. आपल्या गाडीस कोणतें व किती दिवसांचें, हें गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत दिलेलें असतें, आणि तोच शेवटचा शब्द मानावा. हिरवा, तांबडा, निळा हे रंग कारखानदार आपापल्या इच्छेप्रमाणें देतात. रंगावरून जात ओळखूं नये. दोन जातींचीं मिश्रणें एकत्र केल्यास त्यांचें आयुष्य घटतें, कधीं कधीं गाळही होतो.

गोड विष

कृतीकडे वळण्यापूर्वीं एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. एथिलीन ग्लायकॉल हें विष आहे. आणि अधिक वाईट गोष्ट अशी कीं, तें गोड विष आहे. रंग सरबतासारखा, चव गोड. त्यामुळें मूल, कुत्रें, मांजर किंवा वासरूं त्याकडे ओढलें जातें. लहान मुलास त्याचे कांहीं चमचेही घातक ठरूं शकतात. पोटांत गेल्यावर आरंभीं माणूस दारू प्याल्यासारखा दिसतो, उलट्या होतात. मग शरीरांत त्याचें रूपांतर होऊन शेवटीं ऑक्झॅलिक आम्ल तयार होतें, आणि एक-दोन दिवसांत मूत्रपिंडें निकामी होऊं लागतात.

त्याचेंच भावंड डायएथिलीन ग्लायकॉल. १९८६ सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत त्यानें दूषित झालेलें ग्लिसरीन रोग्यांस दिलें जाऊन १४ जण दगावले, आणि न्यायमूर्ति लेंटिन यांचा आयोग त्या चौकशीसाठीं नेमला गेला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यांत खोकल्याच्या औषधांतून तेंच द्रव्य पोटांत जाऊन वीसाहून अधिक मुलें गेलीं. त्यांपैकीं कित्येकांस उपचारासाठीं आपल्या नागपुरास आणलें होतें. या दुर्घटनांचा मोटारीशीं संबंध नाहीं. परंतु या कुळांतील द्रव्यें घरांत आणतांना काय आणतों आहों, याची जाणीव त्या करून देतात.

म्हणून तीन नियम घरांतील सर्वांनीं पाळावे. कूलंट कधींही शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलींत ओतून ठेवूं नये. काम चालूं असतां मुलें व जनावरें जवळ नसावीं, आणि सांडलेला थेंबही तत्काळ भरपूर पाण्यानें धुवून पुसून काढावा. आणि दुर्दैवानें कोणाच्या पोटांत गेलेंच, तर मीठपाणी पाजून ओकारी काढण्याच्या नादीं न लागतां, डबा बरोबर घेऊन सरळ रुग्णालय गांठावें. वर्ध्याच्या माणसास सेवाग्राम व सावंगी हीं दोन मोठीं रुग्णालयें हाकेच्या अंतरावर आहेत. या विषावर उतारा आहे, पण तो पहिल्या कांहीं तासांतच खरा कामास येतो. ‘अजून तर बरा दिसतो आहे’ म्हणून वाट पाहणें हेंच येथें प्राणघातक होय.

तयारी

सामान फारसें लागत नाहीं. पुस्तिकेंत सांगितलेलें कूलंट, दहा-पंधरा लिटर डिस्टिल्ड वॉटर, एक रुंद घमेलें, झांकणाचे रिकामे डबे, नरसाळें, मोजमाप, पाना, पक्कड व पेचकस, रबरी हातमोजे, चष्मा आणि जुन्या चिंध्या. यांतील घमेलें, नरसाळें व मोजमाप हीं एकदां या कामास लावलीं कीं पुन्हां स्वयंपाकघरांत जातां कामा नयेत. त्यांवर तांबड्या रंगानें खूण करून तीं अडगळींत वेगळीं ठेवावीं.

काम नेहमीं सकाळीं, रात्रभर उभी राहून पुरती निवालेल्या गाडीवर करावें. गाडी सपाट जागीं, मोकळ्या हवेंत असावी. पुढें इंजिन चालवावयाचें आहे, आणि बंद खोलींत त्याचा धूर जिवावर बेततो. हातब्रेक ओढून मागच्या चाकांमागें दगड लावावे. खालीं हात पोंचण्यासाठीं गाडी उचलावी लागलीच, तर नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखालीं कदापि जाऊं नये. पंखा कित्येक गाड्यांत इंजिन बंद असतांही आपोआप सुरू होतो. म्हणून निचरा करितांना बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी. इंजिन चालूं असेल तेव्हां साडीचा पदर, ओढणी, गळ्यांतील साखळी यांपैकीं कांहीं पंख्याजवळ लोंबत नाहीं ना, हें प्रथम पाहावें.

कोणत्या गाड्यांस हात लावूं नये, हेंही येथेंच सांगतों. विजेवर चालणाऱ्या व विजेचें साहाय्य घेणाऱ्या हायब्रिड गाड्यांत बॅटरीसाठीं व विजेच्या भागांसाठीं निराळी शीतनाची व्यवस्था असते आणि जवळच मोठ्या दाबाची वीज खेळत असते. त्या गाड्या जाणत्या कारागिराकडेच न्याव्या. ज्यांच्या पुस्तिकेंत निर्वात यंत्रानें कूलंट भरावें असें लिहिलें आहे, किंवा ज्यांची हमीची मुदत संपलेली नाहीं, त्यांच्याही बाबतींत घरचा प्रयोग नको.

निचरा व धुणें

टोपणावर जाड चिंधी धरून तें प्रथम थोडेंसें फिरवावें. फुस् असा आवाज आला तर तेथेंच थांबावें. गाडी अजून निवालेली नाहीं असें समजावें. आवाज न आल्यास दाबून, फिरवून टोपण काढावें. मग रेडिएटरच्या तळाशीं एका कोंपऱ्यांत असलेली निचऱ्याची तोटी घमेलें खालीं धरून सैल करावी. ही तोटी बहुधा प्लॅस्टिकची असते आणि वर्षानुवर्षें न उघडल्यानें ठिसूळ होते. तिच्यावर जोर करूं नये. तोटीच नसल्यास खालच्या रबरी नळीची क्लिप मागें सारून नळी हळूहळू सोडवावी. येथें पाणी एकदम येतें, म्हणून घमेलें मोठें पाहिजे. बाजूची प्लॅस्टिकची टाकीही रिकामी करून धुवून घ्यावी, कारण सगळा गाळ तींतच बसलेला असतो.

निघालेलें पाणी मोजून ठेवावें. लहान मोटारींत एकंदर चार ते सहा लिटर मावतें. त्यांतील निम्म्याच्या आसपासच या वाटेनें बाहेर येतें, उरलेलें बंद थर्मोस्टॅटच्या मागें इंजिनांत राहतें. म्हणून धुण्याची पाळी येते. तोटी बंद करून, नळी बसवून, रेडिएटर डिस्टिल्ड वॉटरनें भरावा व टोपण लावावें. बॅटरी जोडून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालूं करावें. वरची रबरी नळी बाहेरून गरम लागूं लागली कीं द्वारपालानें दार उघडलें असें समजावें. आणखी पांच मिनिटें चालवून इंजिन बंद करावें, आणि तें पुरतें निवेपर्यंत थांबावें. येथें तास-दोन तास जातात. घाई करणाऱ्याचे हात भाजतात तेही येथेंच, आणि तापलेल्या इंजिनांत गार पाणी ओतून त्यास चीर पाडली जाते तीही येथेंच. निवाल्यावर पुन्हां निचरा करावा. पाणी स्वच्छ येईपर्यंत, म्हणजे बहुधा दोन किंवा तीन वेळां, हा क्रम करावा.

निघालेल्या पाण्याचें निरीक्षण करण्यास विसरूं नये. तांबूस गाळ आला तर गंज आहे, पांढरे कण आले तर चुना आहे. या दोहोंवर धुणें हाच उपाय. परंतु त्यांत तेलाची साय दिसली, किंवा इंजिनाच्या तेलाचा रंग दुधाच्या चहासारखा झालेला आढळला, तर इंजिनाच्या माथ्याखालील गॅस्केट गेल्याचा संशय घ्यावा. तो रोग कूलंट बदलून बरा होत नाहीं. तेथें गाडी चालवूंच नये, मिस्त्रीस घरीं बोलवावें. रिकाम्या वेळांत रबरी नळ्या दाबून पाहाव्या. त्या चिरलेल्या, फुगलेल्या किंवा लिबलिबीत लागल्यास बदलाव्या. टोपणाच्या रबरी चकतीस तडा असेल तर टोपण नवें घ्यावें. तें गेलें कीं दाब जातो, आणि दाब गेला कीं उत्तम कूलंटही उकळतें.

भरण्याचें गणित

येथें पुष्कळांचा हिशेब चुकतो, म्हणून आंकडे मांडून दाखवितों. समजा, गाडींत एकंदर ५ लिटर मावतें, आणि शेवटच्या धुण्यानंतर ३ लिटर बाहेर निघालें. अर्थात् २ लिटर शुद्ध पाणी इंजिनांत राहिलें आहे. आतां दुकानांतील तयार, निम्में-निम्में मिसळलेलें ३ लिटर कूलंट ओतलें, तर त्यांत ग्लायकॉल दीड लिटरच असणार. ५ लिटरांत दीड लिटर म्हणजे ३० टक्केच झालें. इतक्या पातळ मिश्रणांत गंज रोखणारें द्रव्यही त्याच मानानें कमी पडतें. याच्या उलट, न मिसळलेलें, कडक कूलंट आणावें. एकंदर ५ लिटरांस निम्मे म्हणजे अडीच लिटर तें आधीं ओतावें, आणि उरलेला अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर घालावें. आंतल्या २ लिटरांशीं मिसळून बरोबर निम्में-निम्में होतें. ‘अधिकस्य अधिकं फलम्’ हा न्याय मात्र येथें लागू नाहीं. उष्णता वाहून नेण्याचें काम ग्लायकॉलपेक्षां पाणी अधिक चांगलें करतें. म्हणून आमच्याकडे ऊन जास्त, सबब सगळेंच कूलंट घालतों, असें कोणी केल्यास इंजिन अधिकच तापेल.

ओतणें धारेनें व सावकाश असावें, कारण घाईनें ओतल्यास आंत हवा कोंडते. मधून मधून वरची नळी हातानें दाबावी, म्हणजे बुडबुडे वर येतात. हवा काढण्याचा स्क्रू असलेल्या गाडींत तो सैल करून, त्यांतून अखंड धार येऊं लागली कीं बंद करावा. नंतर, पुस्तिकेंत तसें सांगितलें असल्यास, टोपण न लावतां इंजिन मंद चालवावें व हीटर गरमवर ठेवावा. पाणी खालीं बसेल तशी भर घालावी. बुडबुडे थांबून पातळी स्थिर झाली कीं टोपण घट्ट लावावें, आणि पंखा एकदां सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालूं द्यावें. गाडी निवल्यावर बाजूच्या टाकींतील पातळी खालच्या व वरच्या रेघांच्या मध्यें आहे ना, हें पाहावें.

काम येथें संपत नाहीं. पुढील आठ दिवस रोज सकाळीं टाकीची पातळी पाहावी व गाडीखालीं थेंब पडले आहेत काय याकडे लक्ष द्यावें. पहिल्या दोन-तीन दिवसांत पातळी किंचित् उतरते, ती कोंडलेली हवा निघाल्यामुळें. तेव्हां त्याच मिश्रणाची भर घालावी. ती रोजच उतरूं लागली, तर गळती कोठें तरी आहे. हे आठ दिवस तरी समृद्धीवरचा लांबचा प्रवास योजूं नये. आणि केव्हांही वाटेंत कांटा तांबड्या रेघेकडे सरकूं लागलाच, तर वातानुकूलन बंद करून गाडी सुरक्षित जागीं उभी करावी, इंजिन बंद करावें, आणि तें निवेपर्यंत टोपणास हात लावूं नये.

जुनें टाकावें कोठें ?

घमेल्यांतील तें रंगीत पाणी पाहून पहिला विचार येतो तो दारांतल्या गटाराचा. तो मोह टाळलाच पाहिजे. वर्ध्याचें गटार नाल्यास मिळतें, नाला नदीस. पवनारच्या धाम नदीचें पात्र काय किंवा वर्धा नदीचें काय, त्यांचें पाणी कोणाच्या तरी गुरांच्या व माणसांच्या पिण्यांत येतें. ग्लायकॉल पाण्यांत यथाकाल कुजून जातें, हें खरें. पण कुजतांना तें पाण्यांतील प्राणवायु ओढून घेतें, आणि त्याबरोबर रेडिएटरमधील धातूंचा अंशही गेलेला असतो. परसांतल्या झाडांस तें घालणें किंवा विहिरीजवळ मुरूं देणें तर सर्वथा निषिद्ध. जुनें कूलंट आणि धुण्याचें पहिलें पाणी घट्ट झांकणाच्या डब्यांत भरावें, वर मोठ्या अक्षरांत ‘विष’ असें लिहावें, तें कुलपांत ठेवावें, आणि जुनें तेल गोळा करून नेण्याची नीट व्यवस्था असलेल्या गॅरेजला पोंचवावें. ज्यास एवढी खटपट करावयाची नसेल, त्यानें हें काम घरीं न करतां अशा गॅरेजमध्यें करवून घ्यावें, असेंच आम्ही सुचवूं.

या सगळ्या खटाटोपांत वांचतात ते पैसे थोडेच. परंतु सकाळभर गाडीपाशीं बसल्यानें तिच्या नळ्या, तिचा पंखा, तिचे आवाज यांची जी ओळख होते, ती कोणत्याही बिलावर छापून मिळत नाहीं. घरांतील मुलामुलींस, सुरक्षित अंतरावर कां होईना, जवळ बसवावें. कुकराची शिटी, बंबांतला चुना आणि वरची गरम नळी यांचा संबंध त्यांस दाखवून द्यावा. शाळेंत घोकलेला उत्कलनबिंदु त्यांस त्या सकाळीं प्रथमच खरा वाटेल. आणि पुढें भर उन्हांत कोणी तापलेल्या गाडीच्या टोपणाकडे हात नेऊं लागला, तर तो आवरण्याइतकी समज त्यांच्यापाशीं असेल.